वर्ग चांगला चालला आहे, हे कशावरून ठरवावे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे प्रौढ साक्षरता वर्गांविषयी आहेत आणि त्यांतली बहुतेक मुंबईतल्या स्वयंसेवकांची आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या महिला मंडळातर्फे गोवंडीत घरकाम करणाऱ्या बायकांसाठी दुपारी साक्षरता वर्ग चालतो. सहा स्वयंसेविका शिकवतात. 'उल्लास'च्या परीक्षेला आमच्याकडून बसलेल्या सर्वजणी उत्तीर्ण झाल्या, त्यामुळे आम्ही खुशीत होतो. परवा एका देणगीदार गृहस्थांनी विचारले, "निकाल ठीक आहे, पण तुमच्याकडे शिकवतात कसे, हे कधी तपासले आहे का?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. शिकवण्याचा दर्जा तपासायचा म्हणजे नेमके काय तपासायचे?
— मंडळाच्या कार्यवाह, चेंबूर

उत्तर : देणगीदारांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर निकालपत्रकात सापडणार नाही. 'उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम' केंद्र सरकारने २०२२ ते २०२७ या काळासाठी मंजूर केला असून १५ वर्षे व त्यावरील वयाच्या असाक्षर व्यक्ती त्याच्या कक्षेत येतात. त्याची पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी १५० गुणांची असते; वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असतात आणि प्रत्येक भागात किमान ३३ टक्के मिळवावे लागतात. महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी ती पहिल्यांदा झाली, तेव्हा सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळात आपल्या सवडीने येऊन तीन तासांत उत्तरपत्रिका पुरी करण्याची मुभा परीक्षार्थींना होती. ही सोय ज्याने सुचवली त्याला प्रौढांचा दिवस कसा जातो, हे ठाऊक असले पाहिजे. मात्र एखादी व्यक्ती किमान पातळीला पोहोचली की नाही, एवढेच ही चाचणी सांगते. ती तिथवर कशी पोहोचली आणि तुमच्या स्वयंसेविकेचा त्यात वाटा किती, हे सांगण्यासाठी ती घडवलेलीच नाही.

म्हणून आरंभ करावा तो प्रवेशाच्या दिवसापासून. 'असाक्षर' म्हणून नाव नोंदवलेल्या बायकांत काहीजणी लहानपणी गावच्या शाळेत तिसरी-चौथीपर्यंत गेलेल्या असतात. अक्षरे अंगावर असतात, फक्त गंज चढलेला असतो. अशी बाई दोन महिन्यांत परिच्छेद वाचू लागते आणि श्रेय शिकवणारीला मिळते. शेजारच्या चटईवर जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही अशी बाई त्याच दोन महिन्यांत फक्त वीस अक्षरे ओळखू लागते, आणि तिची स्वयंसेविका कमी पडली असा समज होतो. वस्तुतः जास्त काम तिनेच केलेले असते. पहिल्या आठवड्यात प्रत्येकीची दहा मिनिटे एकटीने तोंडी तपासणी करून कोणती अक्षरे ओळखता येतात, साधे शब्द वाचता येतात का, दोन ओळींचा अर्थ सांगता येतो का, स्वतःचे नाव कोणाचा हात न धरता लिहिता येते का, याची नोंद वहीत ठेवली, तरच पुढच्या प्रगतीला काही अर्थ राहतो. नमुना हवा असेल तर 'प्रथम' या मुंबईतच १९९५ साली सुरू झालेल्या संस्थेच्या 'असर' पाहणीचा पाहावा. २००५ पासून त्या पाहणीत अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांवर मुलांची एकेकट्याने वाचनतपासणी होते. पायऱ्या तशाच घ्याव्यात, मजकूर मात्र मोठ्या माणसांचा घ्यावा. पन्नाशीच्या बाईपुढे ससा-कासव ठेवले तर ती वाचेलही, पण मनातून दुखावेल.

आता शिकवण्याकडे. वर्गात जाऊन मागे बसावे, वहीत लिहावे, मध्ये बोलू नये. फळा स्वच्छ आहे का, तक्ते लावले आहेत का, हजेरीपट भरला आहे का, हे पाहण्यात वेळ दवडू नये. पर्यवेक्षकांच्या छापील तक्त्यांत याच बाबी पहिल्या येतात, कारण त्या दारातूनही दिसतात. खरे पाहण्यासारखे घडते ते वाचणारी बाई अडते त्या क्षणी. समजा ती "आई घरी गेली" हे वाक्य वाचताना 'धरी' म्हणाली. घ आणि ध यांची गल्लत नवशिक्यांत नेहमीची. तशीच भ आणि म यांची, आणि 'ख' म्हणजे 'र' अधिक 'व' असे वाचण्याची. एक स्वयंसेविका लगेच "घरी, घरी" म्हणून पुढे नेते. दुसरी थांबते, वाक्य संपू देते आणि मग विचारते, "आई कुठे गेली म्हणालात?" बाई स्वतःच परत पाहते, दोन अक्षरांतला फरक तिच्या डोळ्यांना दिसतो आणि चूक ती स्वतः दुरुस्त करते. पहिल्या वर्गात वाचन वेगाने पुढे गेल्यासारखे वाटते, पण शिकणे दुसऱ्या वर्गात झाले आहे. अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करताना मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात असे आढळले होते, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि ही वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली तरी उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागतात. तुमच्या वर्गात घड्याळ लावून पाहा. तीन सेकंद शांत राहणे आपल्याकडच्या उत्साही स्वयंसेविकांना किती जड जाते, ते कळेल.

दुसरी पाहण्याची बाब म्हणजे तासाभरात प्रत्येक शिकणारीच्या डोळ्यांखालून प्रत्यक्ष किती मजकूर गेला. पुष्कळ वर्गांत बाई बोलतात, बायका ऐकतात, मग सगळ्याजणी एका सुरात पाठ म्हणतात. सामूहिक वाचनात पाठांतर बेमालूम लपते. प्रवेशिकेतला धडा घडाघडा वाचणाऱ्या बाईला त्याच धड्यातले तेच शब्द उलटसुलट क्रमाने एका चिठ्ठीवर लिहून द्या. ती अडखळली, तर तिने धडा कानांनी शिकला आहे, डोळ्यांनी नाही. सहीचेही असेच आहे. 'कमल' नावाची बाई सुबक सही करते म्हणून ती लिहू लागली असे धरू नये. सही हे चित्रासारखे गिरवून बसवता येते. तिला 'कलम' लिहायला सांगावे. अक्षरे तीच आहेत. तिने थोडा विचार करून लिहिले, तर ती लिहायला शिकली. गोंधळून स्वयंसेविकेकडे पाहू लागली, तर तिला फक्त सही आली आहे, आणि अंगठ्याच्या जागी सही येणे ही त्या बाईच्या दृष्टीने मोठी गोष्ट असली तरी आपल्या नोंदीत तिला साक्षरता म्हणता येणार नाही.

वाचनाच्या वेगाचा मापदंड हवा असल्यास जुना पण उपयोगी असा एक उपलब्ध आहे. ५ मे १९८८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने ठरवले होते की नवसाक्षराला सोपा उतारा मिनिटाला ३० शब्द या गतीने मोठ्याने आणि ३५ शब्द या गतीने मनात वाचता यावा, मिनिटाला ७ शब्द पाहून व ५ शब्द ऐकून लिहिता यावेत. हे आकडे चढे नाहीत. पण त्यामागचे कारण पक्के आहे : याहून फार सावकाश वाचणाऱ्याला वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत आरंभ आठवत नाही, आणि अर्थ निसटतो. तेव्हा आधी न पाहिलेला उतारा द्यावा, गती मोजावी आणि लगेच "काय लिहिले आहे ते तुमच्या शब्दांत सांगा" असे म्हणावे. उतारा शोधायला दूर जायला नको. शिधावाटप दुकानावरची सूचना, मुलाच्या शाळेतून आलेला निरोप, वीजबिलाच्या मागचा मजकूर, सोसायटीच्या फलकावरचे "उद्या पाणी येणार नाही" हे सगळे उतारेच आहेत.

शेवटचे असे, की एका भेटीवर कोणाचाही दर्जा ठरवू नये. निरनिराळ्या दिवशी निदान तीन वेळा जावे, आणि शक्य असेल तेव्हा दोघींनी एकत्र बसून वेगवेगळ्या नोंदी कराव्यात. दोघींच्या नोंदी जुळत नसतील, तर दोष स्वयंसेविकेत शोधण्याआधी आपण काय पाहायचे ठरवले होते, ते पुन्हा तपासावे. वर्ग संपल्यानंतर सहा महिन्यांनी त्याच बायकांना पुन्हा एकदा वाचायला बसवावे, हेही सांगून ठेवतो. १९५९ साली साताऱ्यातून सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गावेच्या गावे साक्षर म्हणून जाहीर झाली, ग्रामगौरव समारंभ झाले, पण पाठपुराव्याअभावी कित्येकजण शिकलेले विसरून गेले, ही त्या मोहिमेवरची नेहमीची टीका आहे, आणि ती टाळणे मंडळाच्या हातात आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते आणि शनिवार-रविवार कांदिवलीतल्या एका वस्तीत दोन आजींना शिकवते. एक आजी झपाट्याने पुढे गेल्या. दुसऱ्या पाच महिने झाले तरी ओळ वाचताना शब्द गाळतात, खालच्या ओळीवर घसरतात आणि "डोकं दुखतं" म्हणून पुस्तक मिटतात. पर्यवेक्षकांनी माझ्या नावापुढे 'साधारण' असा शेरा मारला. माझे शिकवणे खरेच वाईट आहे का?
— एक विद्यार्थिनी, कांदिवली

उत्तर : आपण जी लक्षणे लिहिली आहेत, ती वाचून पहिली शंका आपल्या शिकवण्याची येत नाही, आजींच्या चष्म्याची येते. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होत जाते, हे सर्वांनाच ठाऊक असते. पण ज्या व्यक्तीने कधी वाचलेच नाही तिला चाळिशी लागल्याचे कळायला फारसे निमित्त नसते. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारली की भागते. मग वयाच्या साठाव्या वर्षी अक्षरांपुढे बसल्यावर शब्द गळतात, ओळी घसरतात, कपाळ दुखते, आणि ती 'मंदबुद्धी' ठरते नाहीतर शिकवणारी 'साधारण' ठरते. एक साधी कसोटी करून पाहा. तीच वाक्ये जाड पेनाने दोन बोटे उंचीच्या अक्षरांत लिहा आणि उजेडात हातभर अंतरावर धरा. आजी नीट वाचू लागल्या, तर पुस्तक बाजूला ठेवून त्यांना महापालिकेच्या जवळच्या रुग्णालयात डोळे तपासायला घेऊन जा. वर्ग चालवणाऱ्या संस्थेने खरे तर प्रवेशाच्या वेळीच हे करायला हवे होते, आणि तसे त्यांना लेखी कळवायला संकोच करू नका.

चष्म्याने प्रश्न सुटला नाही, तर आजी प्रत्यक्ष किती तास वर्गाला बसल्या, ते मोजा. पाच महिने ही मुदत झाली. त्यात गावची जत्रा, सुनेचे बाळंतपण, पाण्याच्या वेळेशी होणारी टक्कर हे सगळे वजा करून काय उरते ते पाहावे. पर्यवेक्षकांनी शेरा मारण्यापूर्वी हे विचारले होते का? शिकवणाऱ्याचे मूल्यमापन म्हणजे शिकणाऱ्याच्या प्रगतीतून त्याच्या अडचणी वजा केल्यावर जे उरते त्याचे मूल्यमापन. ही वजाबाकी कोणालाच काटेकोर करता येत नाही, पण ती मुळीच न करणे अन्यायाचे आहे. एका आजीने घेतलेली झेप हे आपले सगळे कर्तृत्व नाही, तशीच दुसऱ्यांची अडखळ हे सगळे अपयशही नाही.

आपल्या हातात जे आहे, ते पाहायचे असेल तर मोबाइलवर स्वतःच्या अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण करा, अर्थात आजींना विचारून, आणि घरी शांतपणे ऐका. त्यात आपला आवाज किती आणि त्यांचा किती, एवढेच प्रथम मोजा. कोणत्याही पर्यवेक्षकाच्या शेऱ्यापेक्षा ते जास्त सांगेल.

प्रश्न : आम्ही वर्षाअखेर शिकणाऱ्यांकडून शिक्षकांविषयी मत घेतो. प्रत्येक वेळी एकच उत्तर येते : "बाई छान शिकवतात." या मताला काही किंमत आहे का?
— एक समन्वयक, भांडुप

उत्तर : फारशी नाही. जी बाई आपल्याला फुकट शिकवते, चहा पाजते, मुलीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज भरून देते, तिच्याविषयी कोणती शिकणारी बरे-वाईट बोलेल? मत विचारू नका, घडलेले विचारा. गेल्या आठवड्यात वर्गाबाहेर काय वाचले? कोणत्या कागदाशी अडलात? वर्गात कोणत्या वेळी कंटाळा येतो? बसच्या पाटीवरचा मराठी क्रमांक वाचून आपण होऊन बसमध्ये चढलात का, की अजून शेजारच्याला विचारता? या उत्तरांतून शिकवण्याचा कस आपोआप बाहेर येतो. विचारणारी व्यक्ती मात्र ती शिक्षिका नसावी.

आणि जे वर्ग सोडून गेले, त्यांच्याकडे जरूर जा. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे 'कामामुळे' असे लिहिलेले असते आणि ते पुष्कळदा खरेही असते, परंतु थोडा वेळ बसल्यावर "सगळ्यांसमोर फळ्यावर उभं केलं, मला आलं नाही, बायका हसल्या" असे काहीतरी निघते. मोठ्या माणसाला वर्गातून घालवायला एवढे पुरे होते. ही माहिती राहिलेल्यांच्या कौतुकातून कधीच मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या वर्गात मासळीबाजारातल्या बायका येतात. तोंडी हिशेबात त्या आमच्या पदवीधर शिक्षकालाही मागे टाकतात, पण गणिताच्या तपासणीत नापास होतात. दोष शिकवण्याचा की तपासणीचा?
— एक स्वयंसेवक, वरळी

उत्तर : थोडा दोन्हींचा. पापलेटाचे तीन वाटे, एकाचा भाव पाडून घेतलेला, वर कोळंबीचे पैसे, आणि गिऱ्हाइकाने पुढे केलेली पाचशेची नोट, एवढे सगळे क्षणात सोडवणाऱ्या बाईला 'हातचा एक' शिकवताना तिला बेरीज येत नाही असे धरून चालणारा शिक्षक कमी प्रतीचा समजावा. तिला बेरीज येते. ती कागदावर मांडता येत नाही. चांगला शिक्षक तिच्या तोंडच्या हिशेबापासून निघतो : "तुम्ही मनात कसं केलंत ते सांगा, मी तसंच लिहितो." मग तीच रीत कागदावर उतरते.

तपासणीत नेहमी सापडणारी एक चूक मात्र गणिताची नसून मराठी संख्यानामांची आहे. पासष्ट म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून नवशिकी बाई ५६ लिहिते. एकोणसत्तरमध्ये तर सत्तर ऐकू येते आणि लिहायचे असतात ६९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी जोड सुचवली गेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, हे वाचकांना आठवत असेल. त्या वादात शिरण्याचे कारण नाही. प्रौढांना संख्यानामे जन्मापासून पाठ असतात, प्रश्न फक्त लिहिण्याच्या क्रमाचा असतो. तेव्हा तपासताना लिहायला सांगितलेली संख्या चुकली, की तीच संख्या नोटांत मोजून द्यायला सांगावी. नोटा बरोबर आल्या, तर संख्याज्ञान आहे आणि अंकलेखन शिकवायचे राहिले आहे, अशी वेगळी नोंद करावी. शिक्षकाला पुढच्या तासाला नेमके काय करायचे, हे अशा नोंदीतून कळते. 'गणित कच्चे' या शेऱ्यातून काहीच कळत नाही.

कागदावरच्या गणिताचा खरा उपयोग तपासायचा, तर बचत गटाचे पासबुक पुढे ठेवा. कर्जाची शिल्लक, भरलेला हप्ता आणि लागलेले व्याज यांत मुद्दाम एक चूक घालून नक्कल करा आणि ती शोधायला सांगा.

प्रश्न : तपासणीनंतर एखाद्या स्वयंसेवकाचे शिकवणे खरोखरच कमी पडते असे दिसले, तर काय करावे? पगार देत नाही, मग बोलायचे कोणत्या तोंडाने?
— एक विश्वस्त, दादर

उत्तर : मानधन न देणाऱ्या संस्थेला बोलण्याचा हक्क नाही, हा समज सोडावा. स्वयंसेवक आपला वेळ देतो, पण शिकणारी बाई तिच्या झोपेतून आणि मजुरीतून काढलेला वेळ देते, आणि तिचाही हिशेब संस्थेलाच ठेवायचा असतो. शेरे वाचून दाखवण्याऐवजी त्या स्वयंसेवकाला चांगल्या वर्गात मागे बसवावे आणि वर सांगितलेल्या पद्धतीने नोंदी करायला लावावे. दुसऱ्याचा वर्ग पाहताना माणूस स्वतःचा वर्ग आपसूक तोलतो. मग त्याच्या वर्गात अनुभवी स्वयंसेवकाला काही आठवडे जोडीदार म्हणून द्यावे. ज्याला वाचन शिकवणे जमत नाही, त्याला कधी अर्ज भरण्याचा सराव किंवा हिशेब उत्तम जमतो, तेव्हा काम बदलून पाहायला हरकत नाही.

याला अपवाद एकच. शिकणाऱ्यांवर ओरडणारा, वय-जात-बोली यांवरून टोमणे मारणारा स्वयंसेवक कितीही विद्वान असला, तरी त्याला त्याच दिवशी थांबवावे, आणि नवीन शिक्षक का आला, हे वर्गातल्या बायकांना मोकळेपणाने सांगावे. नाहीतर बदल आपल्याच तक्रारीमुळे झाला, या धास्तीने त्या पुढच्या आठवड्यापासून यायच्या बंद होतात.